पावसात सापडलेल्या भाताची पारख

पावसात सापडलेल्या धान्याची प्रत तपासताना दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात. दाण्यात आज पाणी किती आहे, हा पहिला प्रश्न. आणि त्या पाण्याने दाण्याचे काय बिघडवले आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चार उन्हांत बदलू शकते, दुसऱ्याचे कधीच बदलत नाही. खरेदीच्या ठिकाणी तपासणीला बसणाऱ्या माणसाचे सारे कसब हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू न देण्यात असते. ते मिसळले की नुसता ओला असलेला चांगला माल वाया गेलेल्या मालाच्या भावाने जातो, किंवा वरून कोरडा दिसणारा बिघडलेला माल गोदामात शिरतो. पहिल्या चुकीत शेतकरी बुडतो, दुसरीत तो तांदूळ खाणारा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की लातूर, अकोला, वाशीमच्या बाजारांतले सोयाबीन आठवते. सिंधुदुर्गात हीच परीक्षा भाताला द्यावी लागते. सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीच्या काठावर आरोंदा आहे; नदीपलीकडे गोवा. आरोंदा, तळवणे, किनळे, सातार्डा, मळेवाड या पट्ट्यातला शेतकरी बहुधा लहान. घरच्या वर्षभराच्या तांदळाची सोय करून जे उरेल तेवढेच भात तो विकतो. सात-आठ क्विंटलांची विक्री हाही अनेक घरांचा मोठा व्यवहार असतो. एवढ्या थोड्या मालावर चुकीचा शिक्का बसला तर त्या घराचा त्या वर्षीचा खरिपाचा सारा हिशेबच कोलमडतो. म्हणून ही तपासणी नीट समजून घेण्याची गरज विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच आहे.

कापणी आणि परतीचा पाऊस

कोकणात भाताच्या जाती तयार होण्याच्या काळावरून हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा ओळखल्या जातात. हळव्या जाती साधारण ११० ते ११५ दिवसांत कापणीला येतात, निमगरव्या १२० ते १३० दिवसांत, गरव्या त्याहून उशिरा. वरच्या भरड जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून तेथे हळवे भात. खालच्या मळ्यांत पाणी अधिक काळ राहते, तेथे गरवे. जूनच्या पावसावर पेरलेले हळवे भात सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी पिकते. दक्षिण कोकणातून मोसमी पाऊस माघारी जातो तो ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास. त्यामुळे हळव्या भाताची कापणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ जवळजवळ दरवर्षी ठरलेली असते. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर गडगडाट आणि सर, हा त्या दिवसांचा क्रम. सकाळी कापून पसरलेले भात दुपारी उचलायला हात कमी पडले की ते भिजते.

काही वर्षी गरवेही सुटत नाही. ऑक्टोबर २०१९च्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळले. पण त्याच्या पावसाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत कापणीला आलेले भात शेतातच आडवे झाले. त्याच सुमारास मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन पावसात सापडले. नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. त्याच महिन्यात राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. मदत जमिनीच्या मापाने मिळते. वाचलेले भात मात्र दाण्याच्या प्रतीवर विकावे लागते.

पाण्याने दाण्याचे काय होते

भिजण्याची वेळ बदलली की नुकसानीचा प्रकार बदलतो. तपासणाऱ्याला हे माहीत असले तर दाणा पाहून तो कुठे भिजला असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

उभ्या पिकावर पाऊस पडून ऊन पडले, तर फारसे बिघडत नाही. लोंबीतले पाणी निथळून जाते. पीक आडवे पडून लोंब्या पाण्याला टेकल्या की दाण्याला मोड येतो. काही जातींच्या ताज्या दाण्याला काही आठवडे सुप्तावस्था असते, त्या थोड्या तग धरतात. ज्यांना ती नाही त्यांचे दाणे शेतात पडल्या पडल्या काही दिवसांतच अंकुरतात. मोड आलेल्या दाण्यातला पिष्टमय भाग साखरेत बदलू लागतो. असा दाणा पुढे कितीही वाळवला तरी गिरणीत पिठूळ होऊन फुटतो.

कापून शेतात पसरलेले भात भिजले आणि एक-दोन दिवस उचलता आले नाही, तर तुसावर बुरशी धरते आणि दाणा काळवंडतो. वरून करडे-काळे डाग दिसतात. डाग तुसापुरताच आहे की आतल्या तांदळापर्यंत गेला आहे, हे सोलल्याशिवाय कळत नाही.

ओल्या पेंढ्यांची उडवी रचली तर धोका वेगळा. दाणे श्वास घेतात, ओल्या दाण्यांचा श्वास जोरात चालतो, आणि त्यातून निघालेली ऊब उडवीत कोंडून राहते. आत हात घातला तर गरम लागते. या उबेने तांदूळ पिवळा पडतो. हा पिवळेपणा तूस काढेपर्यंत दिसत नाही, म्हणून तपासणीत सर्वांत अधिक फसवणारा दोष हाच. ओल्या भाताची पोती थप्पी मारून ठेवली तरी हेच होते.

चौथा प्रकार अनेकांच्या लक्षात येत नाही. चांगले वाळलेले भात पुन्हा भिजले तर दाणा बाहेरून पाणी ओढून फुगतो, आत मात्र कोरडाच असतो. या ताणाने आतल्या तांदळाला आडवे तडे जातात. अंगणात वाळत घातलेल्या भातावर अवचित सर आली की हे घडते. वरून दाणा निर्मळ दिसतो, ओलावाही पुन्हा वाळवून बसवता येतो. गिरणीत गेल्यावर मात्र तांदळापेक्षा कणीच जास्त पडते.

पावसाचा आणखी एक परिणाम दाण्याबाहेर होतो. पेंढा ओला असला की झोडणी स्वच्छ होत नाही. पातीचे तुकडे, अर्धवट लोंब्या आणि पळींज, म्हणजे पोकळ दाणे, भातात राहतात. शेणाने सारवलेले खळे पावसाने उखडले की वाळवण रस्त्यावर आणि मोकळ्या आवारात जाते, आणि भरताना खडे-माती पोत्यात येते. खरेदी केंद्रावर खड्यांचे प्रमाण जास्त निघाले की त्यामागे निष्काळजीपणाच असेल असे नाही. बहुतेकदा खळे गेलेले असते.

कशाशी ताडून पाहायचे

किमान आधारभूत किमतीने होणारी भातखरेदी राज्याच्या बिगरआदिवासी भागात पणन महासंघामार्फत चालते. तालुक्यात खरेदी-विक्री संघ आणि गावोगावच्या विकास सोसायट्या तिची केंद्रे चालवतात. २०२५-२६च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाच्या भाताचा २,३८९ रुपये आहे. साधारण की ‘अ’, हे तांदळाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून ठरते: लांबी रुंदीच्या अडीचपट किंवा अधिक असेल तर ‘अ’, कमी असेल तर साधारण. हा जातीचा भेद आहे. भिजलेले म्हणून ‘अ’ दर्जाचे भात साधारण ठरत नाही. हा घोळ केंद्रावर होऊ देऊ नये.

हा भाव मिळतो तो रास्त सरासरी दर्जाच्या, म्हणजे केंद्रांवरच्या बोलीत ‘एफएक्यू’च्या मालाला. भातासाठी त्याच्या मर्यादा अशा आहेत: ओलावा १७ टक्क्यांपर्यंत, खडे-माती १ टक्का, काडीकचरा आणि पळींज मिळून १ टक्का, खराब, रंग बदललेले, मोड आलेले आणि किडके दाणे मिळून ५ टक्के, त्यातही खराब, मोड आलेले व किडके मिळून ४ टक्क्यांच्या वर नकोत, अपक्व आणि सुरकुतलेले दाणे ३ टक्के, खालच्या वर्गाच्या भाताची मिसळ ६ टक्के.

या यादीत पावसाचे नाव कुठेच नाही, पण तिच्यातल्या बहुतेक ओळी पावसाने हलतात. वाळवून सुधारता येते ती ओलाव्याची ओळ. उफणून आणि चाळून सुधारतात त्या खडे-मातीच्या, काडीकचऱ्याच्या आणि काही प्रमाणात सुरकुतलेल्या दाण्यांच्या ओळी. खराब दाण्यांची ओळ मात्र घरी सुधारण्याचा मार्ग जवळजवळ नाही. मोड आलेला दाणा वजनाला भरतो, वाऱ्याने उडत नाही. माल परत करताना या तीन गटांपैकी कोणत्या गटात तो अडला, एवढे जरी शेतकऱ्याला सांगितले तरी त्याचा पुढचा आठवडा वाचतो.

नमुना

तपासणीत सर्वांत जास्त चुका नमुना घेतानाच होतात. भिजलेल्या हंगामात एका शेतकऱ्याचे भात एकसारखे नसते. भरडीचे आधी कापलेले कोरडे, मळ्यातले नंतरचे ओले. दोन्ही एकाच ढिगात आलेले असते. सरी चुकवत माल घाईने भरल्याने काही पोती सकाळच्या ओलीत भरलेली असतात, काही दुपारच्या उन्हात. पोत्याच्या तोंडाचे मूठभर भात पाहून दिलेला निर्णय अशा वेळी जवळजवळ हमखास चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

नमुना काढायला परखी वापरतात: एका टोकाला निमुळती, एका बाजूने उघडी असलेली लोखंडी नळी. उघडी बाजू खाली ठेवून ती पोत्यात तिरकी घालायची, आत गेल्यावर फिरवून वर करायची, आणि भरली की बाहेर काढायची. उघडी बाजू वर ठेवून घातली तर वाटेतलेच दाणे भरतात आणि पोत्याच्या पोटातले येत नाहीत. पोती थोडी असली तर प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून नमुना घेणे शक्य असते. आरोंद्यासारख्या गावातल्या शेतकऱ्याची खेप एवढीच असते, त्यामुळे येथे काही पोती सोडून देण्याला सबब नाही.

सारे नमुने एका स्वच्छ ताटात किंवा ताडपत्रीवर एकत्र करून ढीग चपटा करतात, त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग काढून उरलेले पुन्हा मिसळतात. हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हे करायचे. मूठ मारून उचलले तर खडे आणि बारीक दाणे तळाशी राहतात. चार भाग पाडण्याचा कंटाळा केला की तेथूनच पुढचा प्रत्येक आकडा खोटा निघतो.

नमुन्याचे दोन वाटे करून एक बंद पिशवीत, नाव आणि तारीख घालून बाजूला ठेवणे, ही सवय लहान पण फार मोलाची. निकालावर वाद झाला तर दुसऱ्या वाट्याची तपासणी दोघांसमोर करता येते. असा वाटा ठेवलेला असला की आवाज चढायचे कारणच उरत नाही, हा खरेदीच्या कामातला नेहमीचा अनुभव आहे.

हात, दात आणि यंत्र

यंत्र येण्याआधी ओलावा हाताने आणि दातांनी जोखला जाई, आणि आजही अनुभवी माणूस यंत्राआधी हात घालतोच. वाळलेल्या भातात हात सहज खोल जातो आणि काढताना दाणे कोपरावरून गळून पडतात. ओल्या भातात हात अडतो, आत गार लागते आणि दाणे कातडीला चिकटून येतात. गार लागण्याऐवजी ऊब लागली तर समजावे की माल पेटू लागला आहे. त्याची तपासणी नंतर, आधी तो पसरायला हवा. दाणा दाताखाली धरला की वाळलेला ‘कट’ करून तुटतो, ओला चेपतो. दोन तळव्यांत चोळल्यावर तूस सुटले तर वाळवण बरे झाले आहे. नाकालाही काम असते: बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी कुबट वास येतो.

ही परीक्षा चांगली आहे, पण तिचा आकडा होत नाही. सोळा आणि अठरा टक्क्यांतला फरक दाताला नेमका कळत नाही, आणि सतराच्या रेषेवर पैसे ठरत असतील तर हाच फरक महत्त्वाचा. म्हणून यंत्र लागते.

केंद्रांवरचे ओलावामापक बहुतेक विजेच्या गुणधर्मावर चालते. कोरड्या धान्याच्या तुलनेत पाण्यात विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता कितीतरी पट असते. भांड्यात ठरावीक वजनाचे धान्य टाकले की ही क्षमता मोजून यंत्र टक्के दाखवते. या पद्धतीतच तिच्या चुका दडलेल्या आहेत. दाण्याच्या बाहेर पाण्याचा पापुद्रा असेल, म्हणजे भात नुकतेच सरीत भिजलेले असेल, तर यंत्र आतल्या ओलाव्यापेक्षा जास्त दाखवते. उलट, सकाळभर उन्हात राहिलेले भात वरून वाळलेले आणि आतून ओले असते. ते लगेच मोजले तर आकडा कमी येऊ शकतो, आणि रात्रभर पोत्यात राहिल्यावर आतली ओल बाहेर येऊन दुसऱ्या दिवशी तोच माल ओला ठरतो. ‘काल सोळा होते, आज अठरा कसे झाले’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते, लबाडी नव्हे. उन्हातून आणलेले गरम भात सावलीत निवेपर्यंत थांबून मोजावे. यंत्रावर भाताचीच निवड केलेली आहे ना, हे पाहावे. दुसऱ्या धान्याच्या पट्टीवर भात मोजले तर आकड्याला अर्थ नाही. एकाच नमुन्याचे तीन वेळा मोजमाप घेऊन सरासरी धरावी. ओले आणि कोरडे भात मिसळलेले असेल तर तिन्ही आकडे एकमेकांपासून दूर येतात. अशा वेळी सरासरी काढण्यापेक्षा पोती वेगळी करून मोजणे बरोबर.

मीटरचीही वेळोवेळी पडताळणी करावी लागते. खात्रीची पद्धत म्हणजे दळलेला नमुना भट्टीत सुकवून वजनातली घट काढणे. ती प्रयोगशाळेत होते. पावसाळी हंगामाच्या आधी मीटर या पद्धतीशी ताडून घेतलेला नसेल तर केंद्रावर अख्खा हंगाम एकाच दिशेने चूक होत राहते, आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ताटातली निवड

उरलेली तपासणी ताटात, हाताने होते. ठरावीक वजनाच्या नमुन्यातून खडे-माती, काडीकचरा, पळींज, मोड आलेले, काळवंडलेले, किडके आणि सुरकुतलेले दाणे वेगळे काढून प्रत्येक वाट्याचे वजन करतात. नमुना शंभर ग्रॅमांचा असला तर वाट्याचे ग्रॅम हेच टक्के. घाईच्या केंद्रावर ही निवड नजरेने उरकण्याचा मोह मोठा असतो. नजर काळ्या दाण्यावर थांबते, त्यामुळे नजरेच्या अंदाजात काळवंडलेले दाणे खऱ्यापेक्षा जास्त वाटतात. ताटात काळाकभिन्न दिसणारा नमुना वजन केल्यावर मर्यादेच्या आत निघाल्याची उदाहरणे पावसाळी हंगामात अनेक. छोटा काटा आणि दहा मिनिटे, एवढ्यावर एका घराचा व्यवहार सुटतो किंवा अडतो.

भिजलेल्या मालात काही दाणे सोलून पाहणे आवश्यक आहे. बाहेर डाग आणि आत पांढरा स्वच्छ तांदूळ, असे निघाले तर दोष वरवरचा. बाहेर स्वच्छ आणि आत पिवळा, असे निघाले तर माल उडवीत तापलेला. तडे पाहायचे तर सोललेला दाणा उजेडाकडे धरावा. आडवी रेष दिसते.

ओलाव्याचा हिशेब

खासगी व्यापारी ओले भात सहसा परत करत नाही. वजनात घट धरून घेतो. या घटीलाच बाजारात कडता म्हणतात. बाजार समित्यांच्या व्यवहारात मनमानी कडता लावायला कायद्याची परवानगी नाही, तरी गावातल्या दारावरच्या खरेदीत तो चालतोच. त्याची योग्य मर्यादा शेतकऱ्याला स्वतः काढता येते, कारण वाळताना फक्त पाणी जाते, सुका भाग तेवढाच राहतो.

समजा, भात २२ टक्के ओलाव्याचे आहे. शंभर किलोंत सुका भाग ७८ किलो. १७ टक्के ओलाव्याला हा ७८ किलो सुका भाग म्हणजे एकूण वजनाचे ८३ टक्के. ७८ला ८३ने भागून शंभरने गुणले की येतात जवळजवळ ९४ किलो. म्हणजे क्विंटलमागे सहा किलो घट रास्त. वाळवणाची मजुरी धरून थोडे अधिक समजू शकते. दहा किलो कडता लावला तर वरचे चार किलो हमीभावाने ९५ रुपयांच्या आसपास होतात. हिशेब उलट बाजूनेही लागू आहे: २० टक्क्यांचे भात १७चे म्हणून घेतले तर क्विंटलमागे साडेतीन किलोंहून अधिक पाणी भाताच्या भावाने विकत घेतले जाते, आणि ती तूट पुढे गिरणीवर किंवा गोदामावर पडते. साध्या भागाकाराने दोन्ही बाजूंची तक्रार मिटते. म्हणून हा हिशेब केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

गिरणी आणि उकडा तांदूळ

सरकारी भात गिरणीत भरडायला दिले की गिरणीवाल्याने १०० किलो भातामागे साधा तांदूळ ६७ किलो, उकडा ६८ किलो द्यायचा असतो. साध्या तांदळात कणी २५ टक्क्यांपर्यंत चालते, उकड्यात १६ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे गिरणीवाल्याची नजर ओलाव्यापेक्षा तड्यांवर असते, आणि त्याची तपासणी केंद्राहून वेगळी असणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देण्याआधी त्याचा हिशेब समजून घ्यावा.

येथे सिंधुदुर्गाच्या घरांची जुनी रीत उपयोगी पडते. या जिल्ह्यात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज रोजची. भात भिजत घालून वाफवले की दाण्यातले पिष्ट चिकट होते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते. तडे गेलेला दाणाही सांधला जातो आणि भरडताना कमी फुटतो. वाळवल्यानंतर पुन्हा भिजलेल्या, पण रंग व वास न बदललेल्या भाताला हा उत्तम मार्ग आहे. ताज्या ओल्या भातालाही तो चालतो, कारण ते वाळवायच्या आधीच उकडायचे असते. मोड आलेल्या, तापून पिवळ्या पडलेल्या किंवा कुबट वासाच्या भाताला मात्र उकडण्याने काही लाभ नाही. वास राहतोच, डागाचा रंग उलट पसरतो. बुरशी धरलेले भात खाण्याच्या तांदळात मिसळू नये, ते स्वस्तात मिळाले तरीही. बुरशीची काही विषे शिजवूनही जात नाहीत.

सोयाबीनचा दाखला

भाताच्या तुलनेत सोयाबीनची परीक्षा कडक. त्याची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के; तेलबी असल्याने ओल्या सोयाबीनमध्ये तेलाची प्रत लवकर बिघडते आणि दाणा काळा पडतो. २०२४च्या खरिपात हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याने फार माल अडू लागला, तेव्हा केंद्र सरकारने नोव्हेंबरात त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. जादा ओलाव्याने येणारी तूट राज्याने सोसायची, अशी अट होती. ती तूट वरच्याच हिशेबाने निघते: १५ टक्क्यांचे शंभर किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आले की साडेशहाण्णव किलोंच्या आसपास भरते. २०२३च्या उन्हाळ्यात अवकाळी पावसाने पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात गव्हाची चमक गेली, तेव्हाही निकष सैल करून गहू घेतला गेला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाऊस सगळ्या जिल्ह्याचा माल बिघडवतो तेव्हा मर्यादा बदलण्याचा अधिकार सरकारकडे आहे आणि तो वापरला गेला आहे. तो केंद्रावरच्या तपासणीसाकडे नाही. त्याने दयेपोटी १९चे १७ लिहिले तर गोदामात माल तापतो आणि शेवटी सगळ्यांचाच माल बदनाम होतो. त्याने खरे १९ लिहिले, आणि शंभर शेतकऱ्यांचे खरे आकडे वर गेले, तरच निकष सैल करण्याची मागणी पुराव्यानिशी करता येते. खोटा आकडा एका शेतकऱ्याला मदत करतो आणि बाकीच्यांची मागणी कमकुवत करतो.

माल परत येऊ नये म्हणून

शेतापासून केंद्रापर्यंत काही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात असतात. लोंबीतले सुमारे नव्वद टक्के दाणे पिकले की कापणी करावी. पूर्ण वाळण्याची वाट पाहिली तर दाणे गळतात आणि परतीच्या पावसाला सापडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारात आणलेल्या वैभव विळ्याने कापणी जमिनीलगत आणि लवकर होते. लवकर होणे हेच पावसाच्या दिवसांत मोठे. पावसाची लक्षणे असतील तर कापलेले शेतात पसरून न ठेवता लगेच झोडून दाणे वेगळे करावेत. पेंढ्यापेक्षा दाणे झाकणे सोपे. ओल्या पेंढ्यांची उडवी रचू नये. दाणे ताडपत्रीवर दोन बोटांच्या थराने पसरावेत आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने हलवावेत. भर दुपारच्या उन्हात पातळ थर एकदम तापला तरी तडे जातात, म्हणून दुपारी गोळा करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरणे चांगले. भरडीचे आणि मळ्याचे, आधी भिजलेले आणि न भिजलेले भात वेगवेगळ्या पोत्यांत भरावे. दोन पोती बिघडलेली असतील तर दोनच परत येतील. मिसळले तर सगळीच येतील. साठवायचे भात १४ टक्क्यांपर्यंत वाळवावे.

केंद्राच्या हातातही तेवढेच आहे. मीटर हंगामाआधी पडताळून घेणे, मोजमाप शेतकऱ्यासमोर करणे, आकडा त्याला दाखवून कागदावर लिहून देणे, नमुन्याचा दुसरा वाटा जपणे, आणि माल परत करताना तो वाळवून येणार आहे, उफणून येणार आहे की येणारच नाही हे स्पष्ट सांगणे. टेम्पोचे भाडे भरून आणलेली पोती ‘ओले आहे’ एवढ्याच शब्दांवर परत पाठवणे हा अन्याय आहे, कारण त्या दोन शब्दांत पुढे काय करायचे ते कळत नाही.

विकणाऱ्यांना एकच विनंती करावीशी वाटते. भात स्वीकारले जावो वा परत येवो, ओलाव्याचा आणि खराब दाण्यांचा आकडा लेखी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या पावसाळी हंगामात वाद घालायला किंवा मदत मागायला तोच एक कागद कामी येतो.